टर्मिनल ब्लॉक

टर्मिनल ब्लॉक : (अग्रपट्टी). विद्युत् मंडलातील दोन किंवा अधिक संवाहक तारा एकमेकींना पक्क्या, परंतु हव्या तेव्हा सोडविता येतील अशा रीतीने जोडणाऱ्या निरोधित साधनास टर्मिनल ब्लॉक म्हणतात. निरोधक द्रव्याच्या कवचात बसविलेली धातूची संवाहक पट्टी आणि तिच्या दोन्ही टोकांना तार दाबून धरणारी पकड, एवढेच त्याचे मुख्य भाग असतात. नियंत्रण फलकात (पॅनेलमध्ये) बाहेरून येणाऱ्या केबली एका बाजूस आणि आतील नियंत्रण एकके, अभिचालित्रे (रिले), संस्पर्शक (काँटॅक्टर) इत्यादींकडे जाणाऱ्या तारा दुसऱ्या बाजूस जोडतात. त्यामुळे फलकाची आतील जोडणी कारखान्यात पूर्ण करून तपासता येते, जागेवर फक्त बाहेरच्या तारा जोडाव्या लागतात आणि दोष आढळल्यास मंडलाचा एकेक भाग वेगळा करून शोध घेता येतो.

हे साधन किंमतीने क्षुल्लक असले, तरी त्याच्या निवडीत चूक झाल्यास संपूर्ण यंत्रणा बंद पडते. सांगली जिल्ह्याच्या पश्चिम भागातील शिराळा तालुका याचे चांगले उदाहरण होय. या तालुक्यात वारणा नदीवरील चांदोली धरणाच्या पायथ्याशी १६ मेगावॉट क्षमतेचे जलविद्युत् केंद्र आहे. चिखली येथे सहकारी साखर कारखाना आहे. वाकुर्डे बुद्रुक उपसा सिंचन योजनेद्वारे वारणेचे पाणी उंचावरील शेतीला देण्यात येते आणि नदीकाठी शेतकऱ्यांचे व सहकारी पाणीपुरवठा संस्थांचे अनेक पंपसंच आहेत. पश्चिमेस सह्याद्रीलगत अतिवृष्टी आणि दमट हवा, पूर्वेस उन्हाळ्यातील कडक ऊन, कारखान्यात कंपने व उसाच्या चिपाडाची (बगॅसची) धूळ, तर नदीकाठी पुराचे पाणी, अशा परस्परांहून भिन्न परिस्थितींत येथील जोडण्यांना टिकाव धरावा लागतो. यामुळे एका ठिकाणी योग्य ठरलेला ब्लॉक काही किलोमीटरवरील दुसऱ्या ठिकाणी योग्य ठरेलच, असे नाही.

इतिहास : विजेच्या वापराच्या सुरुवातीच्या काळात तारांची जोडणी लाकूड, स्लेट अथवा संगमरवराच्या फळीवर बसविलेल्या पितळी बोल्टांवर करीत. पुढे चिनी मातीच्या जोडपट्ट्या प्रचारात आल्या. लिओ बेकलंड यांनी १९०७ मध्ये बेकेलाइट हे कृत्रिम रेझीन तयार केल्यावर साच्यातून काढलेल्या निरोधक पट्ट्या करणे शक्य झाले. या पट्ट्यांत अग्रांची संख्या ठराविक असे व एक अग्र तुटले, तर सर्व पट्टी बदलावी लागे. १९२३ मध्ये जर्मनीतील एसेन येथे ह्यूगो क्न्यूमान यांनी स्थापन केलेल्या कंपनीने (पुढील फीनिक्स काँटॅक्ट) १९२८ मध्ये आरडब्ल्यूई या वीज कंपनीच्या सहकार्याने सुट्या अग्रांचा ब्लॉक तयार केला. त्यात प्रत्येक अग्र स्वतंत्र असून ती रुळावर हवी तितकी शेजारी शेजारी बसविता येत. आजच्या ब्लॉकचे मूळ यातच आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर चिनी मातीची जागा प्लॅस्टिकने घेतली. १९५१ मध्ये जर्मनीतील मिंडेन येथे स्थापन झालेल्या वागो या कंपनीने स्क्रूऐवजी स्प्रिंगची पकड प्रचारात आणली आणि १९७७ मध्ये तिची सुधारित पिंजरा-पकड बाजारात आली.

१९६८-६९ मध्ये अमेरिकेत कार्यक्रमणक्षम तर्क नियंत्रक (पीएलसी) तयार झाला, तेव्हापासून टर्मिनल ब्लॉकचे महत्त्व अधिकच वाढले. अभिचालित्रांच्या जुन्या फलकात मोजक्या व जाड तारा असत. नव्या नियंत्रकाच्या हाताएवढ्या एककाला मात्र १६ किंवा ३२ संकेत-तारा जोडाव्या लागतात आणि एककावरील अग्रे अत्यंत लहान असतात.

रचना : निरोधक कवचासाठी आता मुख्यत्वे पॉलिअमाइड ६.६ हे प्लॅस्टिक वापरतात. ते चिवट असते, मंद जळते व ज्योत दूर केल्यावर विझते. उच्च तापमानाच्या जागी मेलॅमीन रेझीन किंवा चिनी माती वापरतात. संवाहक पट्टी तांब्याची किंवा पितळेची असून ती गंजू नये म्हणून तिच्यावर कथिलाचा मुलामा देतात. अतिशय क्षीण संकेतांसाठी काही जोडांवर सोन्याचा मुलामा देतात. स्क्रू व पकड पुष्कळदा जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाची असतात. येथे पोलादाचे काम फक्त दाब देण्याचे असून प्रवाह पट्टीतूनच वाहतो.

ब्लॉक बसविण्याचा रूळ प्रमाणित असतो. आयईसी ६०७१५ या मानकानुसार सर्वाधिक प्रचलित रूळ ३५ मिमी. रुंद व ७.५ मिमी. उंच असतो. जुन्या फलकांत ३२ मिमी. रुंदीचा इंग्रजी जी अक्षरासारख्या छेदाचा रूळ आढळतो. जुन्या फलकात नवे ब्लॉक वाढविताना प्रथम रूळ पाहावा लागतो, कारण एका रुळाचा पाया दुसऱ्यावर बसत नाही.

पकडीचे प्रकार : (१) स्क्रू-पकड : हा प्रकार सर्वांत परिचित असून पेचकसाखेरीज दुसरे हत्यार लागत नाही. मात्र तांब्याचे तंतू दाबाखाली हळूहळू पसरतात व काही काळाने पकड सैल होऊ शकते. (२) बोल्ट-जोड : तारेच्या टोकाला वर्तुळाकार लग दाबून बसवितात व तो बोल्टवर नटाने आवळतात. नट पूर्ण निघाल्याशिवाय तार सुटत नाही. त्यामुळे वीज केंद्रे, उपकेंद्रे व कंपने असलेली ठिकाणे येथे हा प्रकार पसंत करतात. (३) स्प्रिंग-पकड : पोलादी स्प्रिंग तारेवर सतत जवळजवळ सारखा दाब ठेवते. तांबे पसरले तरी स्प्रिंग त्याच्यामागे सरकते, म्हणून कंपनांचा तिच्यावर विशेष परिणाम होत नाही. (४) ढकल-जोड : एकतंतू तार किंवा पिन-लग लावलेली तार नुसती आत ढकलली की बसते. यात जोडणीला वेळ कमी लागतो, परंतु लग नीट दाबलेला नसेल, तर जोड वरून चांगला दिसूनही आतून कच्चा राहतो.

प्रवाह व उष्णता : जोडाच्या ठिकाणी दोन धातूंचे पृष्ठभाग प्रत्यक्षात थोड्या सूक्ष्म बिंदूंवरच एकमेकांना टेकतात. त्यामुळे तेथे स्पर्शरोध निर्माण होतो. निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या व रोधाच्या प्रमाणात असते. आयईसी ६०९४७-७-१ या मानकात २.५ चौ. मिमी. तारेच्या ब्लॉकसाठी २४ अँपिअर, ४ चौ. मिमी. साठी ३२, ६ चौ. मिमी. साठी ४१, १० चौ. मिमी. साठी ५७ व १६ चौ. मिमी. साठी ७६ अँपिअर असे चाचणी-प्रवाह दिलेले आहेत. या प्रवाहाच्या एक दशांश प्रवाहाला नव्या ब्लॉकमधील दाबपात ३.२ मिलिव्होल्टपेक्षा अधिक असता कामा नये. म्हणजे २.५ चौ. मिमी. च्या ब्लॉकचा रोध सुमारे १.३ मिलिओहमच्या आत असला पाहिजे. अशा जोडात २४ अँपिअरला एक वॉटहून कमी उष्णता निर्माण होते. तोच जोड सैल किंवा गंजलेला होऊन रोध ५० मिलिओहम झाला, तर सुमारे २९ वॉट, म्हणजे डाख देण्याच्या लहान इस्त्रीएवढी उष्णता बोटाच्या पेराएवढ्या जागेत निर्माण होते. उष्णतेने धातूवर ऑक्साइड चढते, त्याने रोध वाढतो व रोध वाढल्याने उष्णता आणखी वाढते. या दुष्टचक्राचा शेवट कवच वितळण्यात व कधीकधी आग लागण्यात होतो. वितळतार किंवा मंडल खंडक अशा वेळी उपयोगी पडत नाही, कारण प्रवाह नेहमीइतकाच असतो.

मानकानुसार चाचणी-प्रवाहाला ब्लॉकचे तापमान सभोवतालपेक्षा ४५° से. पर्यंत वाढलेले चालते. उन्हात ठेवलेल्या बंद फलकातील हवा ५५° से. पर्यंत तापल्यास पूर्ण प्रवाह वाहणारा ब्लॉक १००° से. वर जाऊ शकतो. नेहमीच्या पीव्हीसी वेष्टनाच्या तारेची मर्यादा मात्र ७०° से. असते. म्हणून ब्लॉकवर लिहिलेला प्रवाह हा नेहमी वाहू द्यावयाचा प्रवाह नव्हे, हे लक्षात ठेवावे लागते. प्रवाह निम्मा केला, की तापमानवाढ साधारणपणे चौथाई होते. म्हणून अखंड चालणाऱ्या मंडलात एक आकार मोठा ब्लॉक घेणे हिताचे ठरते.

तारेशी जुळणी : ब्लॉकची निवड तारेच्या काटछेदावरून होते आणि तारेचा काटछेद केवळ प्रवाहावरून नव्हे, तर अंतरावरूनही ठरतो. उदा., पंपगृहापासून ३०० मी. अंतरावरील झडपेला २४ व्होल्ट एकदिश दाबाने ०.५ अँपिअर प्रवाह द्यावयाचा आहे. जाऊन-येऊन तारेची लांबी ६०० मी. होते. तांब्याच्या ०.५ चौ. मिमी. तारेचा रोध किमी.ला सुमारे ३६ ओहम असल्याने दाबपात जवळजवळ ११ व्होल्ट होईल व झडप उघडणारच नाही. १.५ चौ. मिमी. ची तार (किमी.ला सुमारे १२ ओहम) वापरल्यास तो ३.६ व्होल्टपर्यंत आणि २.५ चौ. मिमी. ची वापरल्यास सुमारे २.२ व्होल्टपर्यंत खाली येतो. तथापि नियंत्रण एककाच्या लहान अग्रात २.५ चौ. मिमी. ची तार पुष्कळदा शिरत नाही. अशा वेळी तारेचे काही तंतू कापून ती बळेच बसविण्याची रीत घातक असते. योग्य उपाय म्हणजे मधे टर्मिनल ब्लॉक ठेवून बाहेरच्या बाजूस जाड केबल आणि आतल्या बाजूस ०.७५ किंवा १ चौ. मिमी. ची तार जोडणे. ब्लॉक निवडताना त्यात बसणारी सर्वांत जाड तार जशी पाहावी लागते, तशीच सर्वांत बारीक तारही पाहावी लागते, कारण मोठ्या पकडीत बारीक तार नीट दाबली जात नाही.

बहुतंतू तारेच्या टोकाला पिन-लग दाबून बसविल्याशिवाय ती स्क्रूखाली देऊ नये. लगऐवजी टोकाला डाख देण्याची पद्धत जुन्या कारागिरांत आढळते. परंतु डाखाचा धातू मऊ असल्याने दाबाखाली तो वाहतो व काही महिन्यांत जोड सैल होतो. एका पकडीत एकच तार द्यावी. समान दाबाची अनेक अग्रे जोडावयाची झाल्यास तारांचे फेरे न घेता त्याच बनावटीची जोडपट्टी (शॉर्टिंग लिंक) वापरतात.

ॲल्युमिनियमच्या तारेसाठी विशेष काळजी घ्यावी लागते. तिच्या पृष्ठभागावर हवेत लगेच निरोधक ऑक्साइड तयार होते, तापमानाबरोबर ती तांब्यापेक्षा अधिक प्रसरण पावते आणि ओलाव्यात तांब्याच्या संपर्कात आल्यास तिचे विद्युत् रासायनिक क्षरण होते. म्हणून ॲल्युमिनियमची केबल तांब्याच्या ब्लॉकला थेट न जोडता द्विधातवीय लग व ऑक्साइडरोधक मलम वापरतात.

नियंत्रण एककाशी जुळणी : अनेक एककांवर खुपसून काढता येणारे जोड असतात. त्यामुळे एकक बिघडल्यास तारा न सोडविता ते बदलता येते. या जोडांतील दोन अग्रांमधील अंतर ३.५, ३.८१, ५ किंवा ५.०८ मिमी. असते. पहिली दोन किंवा शेवटची दोन अंतरे डोळ्यांना सारखीच दिसतात, पण ती एकमेकांच्या बदली चालत नाहीत. ५ व ५.०८ मिमी. मधील फरक प्रत्येक अग्रामागे ०.०८ मिमी. असला, तरी १२ अग्रांच्या जोडात तो पहिल्यापासून शेवटपर्यंत ०.८८ मिमी. होतो. असा जोड बळाने बसविल्यास टोकाच्या पिना वाकतात, एककाच्या आतील डाखाचे जोड तडकतात आणि दोष मधूनमधून प्रकट होत राहतो. असा दोष शोधून काढणे फार कठीण असते. म्हणून बदली जोड घेताना अग्रांची संख्या, अंतर, पिनांचा आकार व तारेच्या प्रवेशाची दिशा या चारही गोष्टी जुळवून पाहतात. शेजारच्या एककाचा जोड चुकून बसू नये, यासाठी त्यात खाचा व खुंट्या बसवितात. अधिक दाबाचा व २४ व्होल्टचा जोड एकाच आकाराचे असल्यास ही दक्षता अनिवार्य होय. सोडविलेल्या जोडाच्या ज्या बाजूस विद्युत् दाब कायम राहतो, ती बाजू बोट न लागेल अशी झाकलेली असावी.

सामाईक अग्रावरील प्रवाहाचा हिशेब स्वतंत्रपणे करावा लागतो. प्रत्येकी ०.५ अँपिअरची १६ निर्गमे एकाच वेळी चालू झाली, तर सामाईक अग्रातून ८ अँपिअर वाहतात. एककाच्या सामाईक अग्राची मर्यादा याहून कमी असल्यास निर्गमे गटागटाने विभागून घ्यावी लागतात.

मापन-संकेतांच्या बाबतीत उष्णतेपेक्षा अचूकतेला महत्त्व असते. ४ ते २० मिलिअँपिअरच्या संकेतावर जोडाच्या अल्प रोधाचा परिणाम होत नाही, कारण प्रवाह मंडलात सर्वत्र सारखाच असतो. तापयुग्माचा (थर्मोकपलचा) संकेत मात्र अतिशय क्षीण असतो. क्रोमेल-अल्युमेल तापयुग्मात तो दर अंश सेल्सिअसला सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट एवढाच असतो. टर्मिनल ब्लॉकपासून एककापर्यंत साधी तांब्याची तार ओढल्यास ब्लॉक व एकक यांच्या तापमानांतील फरक तेवढाच मापनात चुकीच्या रूपाने उतरतो. ब्लॉक ४५° से. व एकक ३८° से. असेल, तर बॉयलरचे तापमान ७° से. ने चुकीचे दिसते. म्हणून अशा मंडलात एककापर्यंत तापयुग्माचीच जुळणारी तार नेतात आणि मधला ब्लॉकही त्याच मिश्रधातूंचा घेतात.

विशेष प्रकार : (१) भूयोजन ब्लॉक : हिरव्या-पिवळ्या रंगाच्या या ब्लॉकचा धातूचा पाया रुळावर घट्ट बसून तार थेट भूयोजित करतो. (२) वितळतारेचा ब्लॉक : यात प्रत्येक संकेताला वेगळी वितळतार देता येते, त्यामुळे एका तारेतील मंडलसंक्षेपाने सर्व एकक बंद पडत नाही. (३) विच्छेदक ब्लॉक : यातील पाते उघडून तार न सोडविता मापन करता येते. (४) प्रवाह रोहित्राचा ब्लॉक : प्रवाह रोहित्राचे दुय्यम वेटोळे प्राथमिक प्रवाह चालू असताना उघडे ठेवल्यास त्यात प्राणघातक दाब निर्माण होतो. म्हणून या ब्लॉकमध्ये आधी दुय्यम वेटोळे आपसांत जोडणारी पट्टी असते व ती बसविल्यानंतरच मापकाची जोडणी सोडवितात. जलविद्युत् केंद्रे व उपकेंद्रे यांत हा ब्लॉक अपरिहार्य आहे. (५) स्फोटक वातावरणातील ब्लॉक : साखर कारखान्याला जोडून असलेल्या आसवनीत (डिस्टिलरीत) अल्कोहॉलाच्या वाफा असतात. तेथे ठिणगी पडणार नाही अशा वाढीव सुरक्षिततेचे, प्रमाणित ब्लॉकच वापरावे लागतात. स्वभावतः सुरक्षित मंडलांची अग्रे निळ्या रंगाची असून ती इतर मंडलांच्या अग्रांपासून किमान ५० मिमी. दूर ठेवतात.

परिस्थिती व संरक्षण : दमट हवेत निरोधकाच्या पृष्ठभागावर ओलावा व धूळ यांचा थर बसून दोन अग्रांमध्ये क्षीण प्रवाह वाहू लागतो व पृष्ठभागावर कोळशाच्या रेषा उमटतात. म्हणून अग्रांमधील पृष्ठभागीय अंतर अधिक असलेले ब्लॉक घेतात, फलकाची दारे रबरी पट्टीने बंद करतात व वापरात नसलेली केबलींची भोके बुजवितात. नदीकाठच्या स्टार्टर पेट्यांत मुंग्या व पाली शिरून मंडलसंक्षेप होतात, तेही यामुळे टळते. २०१९ व २०२१ च्या महापुरांत कृष्णा व वारणा नद्यांच्या काठचे अनेक पंपसंच पाण्याखाली गेले. अशा पुरानंतर चलित्राचे वेटोळे वाळवून पुन्हा वापरता येते, परंतु टर्मिनल ब्लॉक नुसते पुसून वापरणे धोक्याचे असते. पकडीच्या आत राहिलेला गाळ ओलावा धरून ठेवतो व काही आठवड्यांत जोड गंजतो. त्यामुळे बुडालेले ब्लॉक बदलणे हाच उपाय होय.

मांडणी व खुणा : अधिक दाबाची, नियंत्रणाची व मापन-संकेतांची अग्रे स्वतंत्र गटांत ठेवून मधे पडदे बसवितात. प्रत्येक अग्रावर क्रमांकाची पट्टी व प्रत्येक तारेवर तोच क्रमांक असलेली कडी घालतात. या कडीला भारतातील कारागीर ‘फेरूल’ म्हणतात. फलकात सुमारे २० टक्के अग्रे पुढील वाढीसाठी मोकळी ठेवण्याचा प्रघात आहे. आराखड्यातील क्रमांक व प्रत्यक्ष क्रमांक जुळत नसतील, तर उत्तम प्रतीचे ब्लॉकही दुरुस्तीच्या वेळी निरुपयोगी ठरतात.

आवळणी व तपासणी : स्क्रू प्रमाणाबाहेर आवळणे हेही सैल ठेवण्याइतकेच वाईट असते, कारण त्याने आटे झिजतात व तंतू तुटतात. सर्वसाधारणपणे २.५ मिमी. व्यासाच्या स्क्रूला ०.४, ३ मिमी. ला ०.५ व ४ मिमी. ला १.२ न्यूटन-मीटर एवढा पीळ देतात. त्यासाठी पीळ दर्शविणारा पेचकस मिळतो. आवळल्यावर प्रत्येक तार हलकेच ओढून पाहतात. पकडीत वेष्टन सापडून तार नुसती अडकलेली असल्यास ती या ओढीने निघून येते.

त्रिकला चलित्राच्या मंडलातील एक अग्र सैल झाले, तर एका कलेचा पुरवठा तुटतो. चालू असलेले चलित्र उरलेल्या दोन कलांवर फिरत राहते व त्यांतील प्रवाह सुमारे पावणेदोन पट होतो. अतिभार अभिचालित्र योग्य मर्यादेवर लावलेले नसेल, तर वेटोळे जळते. शेतीपंपांना दिवसातील ठराविक तासच वीज मिळत असल्याने जळालेले चलित्र काढून, वेटोळे भरून परत बसवीपर्यंत पाण्याची पाळी हुकते व उभ्या पिकाचे नुकसान होते. साखर कारखान्यात गळीत हंगामात एका जोडाने गाळप थांबले, तर तोडलेला ऊस गव्हाणीबाहेर वाळत राहतो व त्यातील साखरेचे प्रमाण घटते.

या कारणांमुळे कारखान्यांत हंगाम संपल्यावर सर्व स्क्रू-अग्रे पुन्हा आवळतात, रंग बदललेली अथवा वितळलेली कवचे बदलतात व धूळ काढतात. हंगाम चालू असताना पूर्ण भारावर अवरक्त कॅमेऱ्याने फलक पाहतात. शेजारच्या अग्रांपेक्षा ठळकपणे तापलेले अग्र त्यात दिसून येते. लहान पंपगृहात असा कॅमेरा नसला, तरी वीज बंद करून वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर, केलेली आवळणी पुरेशी उपयुक्त ठरते. वेष्टनाचा जळका वास, काळसर पडलेले तारेचे टोक व अधूनमधून आपोआप थांबणारे चलित्र ही सैल जोडाची पूर्वचिन्हे होत.